हत्तींच्या भाऊबंदांना भेटून आले

गाबोरोने, बोत्स्वाना
30 सप्टेंबर 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आज इथे स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. 1966 साली याच तारखेला हा देश ब्रिटिशांच्या हातून सुटला. सकाळपासून शेजारी मांस भाजल्याचा धूर आणि मोठ्याने गाणी चालू आहेत. छोटी झेंडा घेऊन अंगणात पळतेय, जावईबापू पेपर तोंडावर घेऊन झोपलेत. तेव्हा कबूल केलेलं पत्र आज लिहून टाकते.

चतुर्थीला आलो नाही म्हणून तुम्ही दोघं खट्टू आहात, हे आईच्या आवाजावरूनच कळलं. पण यांना रजा मिळाली ती ऑगस्टच्या सुरुवातीला, शाळेची सुट्टीही तेव्हाचीच. हिऱ्यांचा बाजार सध्या इतका मंदावलाय की पुढची रजा मागायचीही चोरी. इतकी वर्षं या देशात राहून आपण फक्त ऑफिस, शाळा आणि मॉल बघतोय, असं म्हणत होतो. म्हणून निघालो. आपल्या बागेत रानहत्ती शिरून माड-पोफळी पाडतात, तेव्हा बाबांनी फोनवर एकाच वाक्यात सगळ्या सहलीचा निकाल लावला : "हत्ती बघूक पैसे कित्याक व्हये? हंयसर ये, फुकटात दाखयतंय." याचं उत्तर फोनवर देणं शक्य नव्हतं. इथेही सरळ देता येईल का, बघते.

गाबोरोनेहून माऊनला रात्रीच्या बसने गेलो. हा देश महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आणि माणसं 25 लाखांच्या आत, त्यामुळे तास न् तास बाहेर दिवासुद्धा दिसत नाही. दिसतात ती रस्त्यावर बसलेली गाढवं. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, गाढव विचार करतं, मग उठतं. नाटा गाव मागे पडल्यावर उजाडलं आणि पहिली गोरखचिंच दिसली. वसईच्या किल्ल्यात दादाने दाखवलेली आठवते ना, तीच जात. इथली ती मूळची रहिवासी. बुंध्याला कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत साल सोललेली होती. पाणी आटलं की हत्ती सुळ्यांनी तिचा गाभा ओरबाडून ओलं लाकूड चघळतात. बाबा, तुमच्या माडांची आठवण मला तिथेच झाली, म्हणजे सहल धड सुरूही व्हायच्या आत.

आणखी एक झाड सगळ्या वाटेवर आहे, मोपाने. पान थेट आपट्याचं, दोन पाळ्यांचं. परवा दसरा, तुम्ही सोनं वाटाल, आणि इथे मैलोन् मैल सोनंच सोनं. फरक इतकाच की भर दुपारी हे पान आपल्या पाळ्या मिटून उन्हाला कड दाखवतं. म्हणून झाड हिरवंगार असूनही खाली सावली मिळत नाही. हत्तींचं रोजचं खाणं हेच. त्यावरचे सुरवंट माणसं वाळवून खातात, बाजारात मापाने विकतात. आईने हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.

माऊनहून पुढे उघड्या जीपने, तंबू घेऊन. गाईड त्याच भागातला, चाळिशीचा, फार न बोलणारा माणूस. त्याच्याबद्दल पुढे लिहीनच, कारण खरं सांगायचं तर प्राण्यांपेक्षा तो जास्त लक्षात राहिला.

आधी पाणी. बाबा, पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून तुम्ही अर्धं आयुष्य भांडलात, तेव्हा ही नदी तुम्हाला आवडेल. ओकावांगो अंगोलाच्या डोंगरात उगम पावते, नामिबियाच्या चिंचोळ्या पट्ट्यातून बोत्स्वानात उतरते आणि समुद्राकडे न जाता कालाहारीच्या वाळूत पसरते आणि तिथेच संपते. साधारण 250 किलोमीटरमध्ये जमीन उतरते ती जेमतेम 60 मीटर. त्यामुळे पाण्याला घाई नाही. अंगोलात पाऊस पडतो डिसेंबर ते मार्चच्या सुमारास, ते पाणी रांगत रांगत माऊनच्या बाजूला पोचतं जून-जुलैत. म्हणजे इथे आभाळात ढग नाही, महिनोन् महिने थेंब पडलेला नाही, गवत पिवळं ठणठणीत, आणि अशा वेळी पूर येतो! पूर पण कसला, ओरडा नाही की गढूळपणा नाही. काल कोरडी असलेली चाकोरी सकाळी ओली, दुपारी तिच्यात बोटभर पाणी आणि त्या पाण्याच्या तोंडाशी बगळे रांगेत उभे, कारण बिळातून बाहेर पडणारे किडे आयते मिळतात. भरात असताना हा पसारा 15,000 चौरस किलोमीटरपर्यंत जातो, म्हणजे आपले जवळजवळ तीन सिंधुदुर्ग. 2014 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत हजारावी जागा म्हणून याचं नाव लागलं.

मला पडलेला प्रश्न असा : इतकं पाणी येतं, बाहेर जात नाही, बहुतेक सगळं वाफ होऊन उडतं. मग सगळं मिठागर का होत नाही? गाईडने एका बेटावर उतरवून दाखवलं. बेटाची सुरुवात बहुतेक वेळा वारुळाने होते. वाळवी माती वर रचते, पुरात तेवढाच उंचवटा कोरडा राहतो, त्यावर पक्षी बिया टाकतात, झाडं उगवतात. ही काठावरची झाडं मुळांनी पाणी ओढतात आणि क्षार मागे बेटाच्या पोटात साचत जातात. बेटाच्या मध्यावर गेलो तर पांढरी खरपुडी धरलेली, गवताची काडी नाही. बोट लावून चाटलं, खारट-तुरट. आणि वीस पावलांवर काठाचं पाणी गोड, ओंजळीने पिण्यासारखं. सगळी खारवट बेटांच्या पोटात कोंडून बाहेर पाणी गोडं ठेवलंय. आपल्या खारभूमीच्या बांधांवर सरकारचा जो खर्च होतो तो आठवून यांना हसू आलं.

या पाण्यातून फिरायचं ते मोकोरोत, म्हणजे लांब अरुंद होडीत. पूर्वी एकाच झाडाचं खोड कोरून करायचे, आता मोठी झाडं राखावीत म्हणून बहुतेक फायबरच्या असतात. होडी चालवणारा मागे उभा राहून लांब काठीने तळाला रेटत नेतो. पाणी बसलेल्या माणसाच्या कोपराशी येतं, आणि हलायचं नाही. वाटेत त्याने लव्हाळ्याची एक काडी अलगद वाकवून छोटीच्या नाकासमोर धरली. काडीवर अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक, पांढरट अंगावर तपकिरी-लाल पट्टे, पाय पोटाखाली घट्ट आवळलेले. डोळे मिटून उन्हात बसला होता. छोटीने श्वास सोडला तेवढ्यानेही काडी हलली, पण हा ढिम्म. सिंह-बिंह दाखवूनसुद्धा तिला सगळ्यात मोठी गोष्ट विचारलीत तर ती हा बेडूकच सांगते. पाणघोडे लांबून पाहिले. चालवणारे त्यांना जेवढे भितात तेवढे मगरीला भीत नाहीत. खोल पाण्याच्या वाटेला न जाता कडेकडेच्या उथळातूनच नेतात.

मोरेमीचं राखीव जंगल याच भागात. हे सरकारने वरून आखलेलं नाही, इथल्या बाटावाना लोकांनी 1963 साली स्वतःच्या जमिनीतून राखून ठेवलं. तेव्हा टोळीचा कारभार राजाच्या विधवेच्या हातात होता, आणि शिकारीने जनावरं संपत चालली म्हणून तिने आणि तिच्या लोकांनी हे ठरवलं. देश स्वतंत्र व्हायच्याही आधी! आपल्याकडे देवराया राखतात त्याच समजुतीतलं वाटलं मला, फक्त आकार भलामोठा.

सिंहांबद्दल दोनच ओळी. पाहिले, झोपलेले होते. आठ जिपा भोवती, प्रत्येकीत दुर्बिणी, आणि मध्ये ते पोट वर करून. एकाने जांभई दिली तेव्हा कॅमेऱ्यांचा जो कडकडाट झाला तो ऐकून मला लग्नातले फोटोग्राफर आठवले. ज्यांना आवडतं त्यांना आवडो.

रानकुत्रे मात्र आयुष्यभर विसरणार नाही. आपल्याकडचे कोळसुंदे तांबडे असतात, हे काळे-पिवळे-पांढरे ठिपके एकमेकांत मिसळलेले, कान गोल मोठे, प्रत्येकाची नक्षी वेगळी. कळप बाभळीखाली पसरला होता. मग एक उठला, दुसऱ्याच्या तोंडाशी नाक घासलं, शेपट्या हलायला लागल्या आणि शिंका सुरू झाल्या. खरोखरच्या शिंका, "फिक्, फिक्". गाईड हळूच म्हणाला, मतदान चाललंय. याच भागातल्या कळपांवर संशोधन करून 2017 साली शास्त्रज्ञांनी मांडलं की शिंका पुरेशा पडल्या तर कळप शिकारीला निघतो, नाही पडल्या तर पुन्हा आडवा होतो. मानाच्या जोडीने सुरुवात केली असेल तर थोड्या शिंकांत भागतं, हलक्या मानाच्या कुत्र्याने केली तर जास्त लागतात. बाबा म्हणतील, म्हणजे ग्रामसभाच की! आमच्या समोर मतदान फसलं. चार-पाच शिंका झाल्या आणि सगळे परत झोपले. आम्हीही परत फिरलो.

आता हत्ती. सावुटीला पोचलो तेव्हा मी खरोखर दमले होते. वाळूत जीप अशी हलते की हाडं मोजून घ्यावीत. थंडी इतकी की पहाटे उघड्या गाडीत घोंगडी आणि गरम पाण्याच्या पिशव्या, आणि दुपारी स्वेटर नकोसा. सावुटीचा पाट लहरी आहे. 1982 साली आटला तो आटलाच, पंचवीसेक वर्षांनी पुन्हा वाहायला लागला आणि नंतर परत आटला. कोरड्या काळात तहानलेले हत्ती तळावरच्या न्हाणीघरांचे नळ उपटायचे. म्हणून आता न्हाणीघराभोवती जाड भिंत आणि आत शिरायला वळणाची वाट. किल्ल्याच्या दरवाजाला वळण का असतं ते लहानपणी तुम्ही सांगितलं होतंत, बाबा. इथे तोंडात ब्रश धरून त्याची प्रचिती आली.

तळाला कुंपण नाही. संध्याकाळी आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो आणि गाईड फक्त म्हणाला, "उठू नका." मागे वळून बघते तर एक म्हातारा नर, तंबूपासून आपलं खळं आहे तेवढ्या अंतरावर. आला कधी, कुणाला कळलं नाही. "हत्ती आला तर पाचोळासुद्धा वाजत नाही" असं तुम्ही सांगता तेव्हा मला ते वाढवून सांगितलेलं वाटायचं. त्याने बाभळीच्या जातीच्या एका मोठ्या झाडाला कपाळ टेकवलं, जोर असा काही लावलाच नाही, झाड नुसतं एकदा डुललं. वरून शेंगांचा सडा पडला, जाड, करड्या, मखमली शेंगा. मग तो एकेक शेंग उचलून खायला लागला. सोंडेच्या टोकाला या जातीला दोन बोटं असतात, आपल्या हत्तीला एकच. त्या दोन बोटांच्या चिमटीत शेंग धरायची, फुंकर मारून माती उडवायची, तोंडात टाकायची. मग पुढची. इतकं मोठं धूड आणि इतका नीटनेटकेपणा. बाकीही फरक तुम्हाला लगेच दिसले असते : पाठ मध्ये खोलगट, कान खांद्याच्या खालपर्यंत, आणि माद्यांनासुद्धा सुळे. पोटातून घरघर चालू होती. छोटी माझ्या मांडीवर, तिचं हृदय मला हाताला लागत होतं. शेंगा संपल्या तसा तो आमच्या पाण्याच्या पिंपाकडे एक नजर टाकून निघून गेला.

मी काय म्हणतेय ते तुमच्या लक्षात आलं असेल, बाबा. मला तो आवडला. मनापासून आवडला. आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांपुढे वरच्या बागेतल्या त्या आडव्या पडलेल्या पोफळी होत्या, केळीचे पिळून काढलेले गाभे होते, आणि टॉर्च घेऊन रात्री बाहेर उभे राहिलेले तुम्ही. दोन्ही एकदम. इथे माझ्या मालकीचं एक झुडूप नाही, म्हणून मला हत्ती छान दिसतो, हे मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या कळत होतं.

त्या रात्री शेकोटीपाशी मी गाईडला आपल्या घरचं सांगितलं. 2002 साली कर्नाटकातून हत्ती तिलारी खोऱ्यात उतरले, तेव्हापासूनचं सगळं. फटाके, चर, पंचनामे, 2015 साली माणगाव खोऱ्यात पकडलेले तीन हत्ती, आणि मोर्ल्याला यंदा एप्रिलमध्ये हत्तीने माणूस मारला तेही. त्याने मधे एकदाही तोंड घातलं नाही. मग विचारलं, "किती आहेत?" मी म्हटलं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तो हसला नाही, याचं मला बरं वाटलं. कारण त्याच्या देशात किती, माहीत आहे? 2022 साली पाच देशांच्या सलग जंगलपट्ट्यात विमानातून मोजणी झाली, सव्वादोन लाखांच्या वर भरले. त्यातले 1,30,000 च्या आसपास एकट्या बोत्स्वानात. जगात सगळ्यात जास्त.

त्याचं गाव सेरोंगाच्या बाजूला, ओकावांगोच्या पसाऱ्याच्या वरच्या अंगाला. तिथे माणसं जितकी, साधारण तितकेच हत्ती. त्याची आई अजून मका आणि ज्वारी करते. हत्तींच्या पाणवठ्यावर जाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत, आणि शेतं त्या वाटांना लागून. सुकी मिरची कुटून हत्तीच्याच लिदीत कालवायची, विटा पाडून वाळवायच्या आणि रात्री वाऱ्याच्या बाजूला धुमसत ठेवायच्या. मिरचीचा ठसका सोंडेत गेला की हत्ती वळतो. कुणी जुन्या ऑइलमध्ये मिरची कालवून दोरीला चोपडतात आणि दोरी शेताभोवती बांधतात. चालतं का, विचारलं तर म्हणाला, आई जागी असेल तोवर चालतं. 2020 साली त्याच्या गावाच्या आसपास साडेतीनशेच्या आसपास हत्ती एकाएकी मेले. सुळे जागच्या जागी, म्हणजे शिकाऱ्यांचं काम नव्हे. डबक्यांतल्या शेवाळाच्या विषाने मेले असं सरकारने सांगितलं. तेव्हा जगभरचे पत्रकार गावात आले होते. "आईचं पीक गेलं त्या वर्षी कोणी आलं नव्हतं," एवढंच बोलून तो लाकडं सारखी करायला उठला.

इथे राजकारणही हत्तीवर चालतं. 2014 साली सरकारने शिकारीवर बंदी घातली, 2019 साली नव्या राष्ट्राध्यक्षांनी उठवली. खेड्यापाड्यांत टाळ्या पडल्या, युरोपात ओरड झाली. गेल्या वर्षी जर्मनीने शिकारीच्या ट्रॉफ्या आणण्यावर निर्बंध आणायचं काढलं, तेव्हा त्याच राष्ट्राध्यक्षांनी ठणकावलं की तुम्हाला 20,000 हत्ती पाठवतो, जरा त्यांच्यासोबत राहून दाखवा. ही बातमी मी तुम्हाला तेव्हाच सांगितली होती आणि तुम्ही म्हणाला होतात, "जहाजात जागा असली तर आमचे पण घेऊन जा म्हणावं!"

मला स्वतःला शिकारीचं काही पटत नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. ख्वाई गावाजवळ आम्ही ज्या तळावर उतरलो तो गावकऱ्यांच्या ट्रस्टचा आहे, तंबू ठोकण्याचे पैसे त्यांच्याकडे जातात. गाईडचं घर आमच्या खिशातून चालतं. म्हणजे हत्ती नुकसान करतो आणि थोडी भरपाईही घेऊन येतो. तो पैसा सेरोंगाच्या म्हातारीपर्यंत किती झिरपतो, हे वेगळं. मोठा हिस्सा बड्या लॉजवाल्यांकडे जातो, हे तिथे कोणीही सांगेल. पण आपल्या दोडामार्गात काय? ओंकार हत्ती गोव्यात पेडण्यापर्यंत उतरला तेव्हा इथे माझ्या मोबाईलवर त्याचे पन्नास व्हिडिओ आले. काढणारे आले, काढून गेले, माड ज्याचा पडला त्याचा पडला. म्हणून, हत्ती बघायला पैसे कशाला, याला माझं उत्तर असं की पैसे द्यायलाच हवेत, आणि ज्याच्या बागेतून तो जातो त्याला मिळायला हवेत. आपल्याकडे बघणं फुकट आहे हीच तर पंचाईत आहे.

चोबे नदीवर शेवट केला. कासानेच्या काठावर दुपारी कळपच्या कळप पाण्यावर येतात, एका वेळी किती ते मोजायचा नाद सोडला. पिल्लांना मध्ये घेऊन माद्या पोहत नदीतल्या बेटावर जातात. सोंडेचं टोक तेवढं वर आणि पिल्लाची सोंड आईच्या शेपटीला. हे बेट कोणाचं यावर बोत्स्वाना आणि नामिबिया हेगच्या न्यायालयापर्यंत गेले होते, 1999 साली निकाल बोत्स्वानाच्या बाजूने लागला. हत्तींना काही कळवलेलं दिसत नाही. त्यांना दोन्ही काठ सारखेच. पण काठावरचं जंगल बघवत नाही. मोठी झाडं वठलेली, साली गेलेल्या, जमीन उघडी. हत्ती जास्त झाले की काय होतं ते तिथे पुस्तकाशिवाय समजतं. व्हिक्टोरिया फॉल्स इतका जवळ असूनही राहिला, छोटीला ताप आला म्हणून.

परतताना पांडामाटेंगाच्या बाजूला ज्वारीची शेतं लागली, डोळा पोचेल तिथपर्यंत. भोवती विजेचं कुंपण. आणि पुढे एका नाक्यावर बस थांबवून सगळ्यांना उतरवलं. औषधात भिजवलेल्या फडक्यावर चपला घासायच्या, पिशवीत कच्चं मांस असेल तर काढून द्यायचं. कशासाठी, बाबांना लगेच कळेल : लाळ्या-खुरकूत. रानम्हशींकडून गुरांना लागू नये म्हणून देशभर शेकडो किलोमीटर कुंपणं घातलीत, कारण इथलं गोमांस युरोपात जातं आणि एक जनावर सापडलं तरी गिऱ्हाईक तुटतं. ही कुंपणं 1950 च्या दशकापासूनची. गुरं वाचली, पण 1980 च्या दशकातल्या दुष्काळात पाण्याकडे निघालेले हजारो वाइल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखी दिसणारी मोठी हरणं, तारेला अडून मेली. बसमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांनी हे सांगितलं. त्यांची स्वतःची चाळीस गुरं आहेत, तेव्हा ते कुंपणाच्या बाजूनेच बोलत होते.

आई, तुझ्यासाठी एक टोपली घेतलीय. ताडासारख्या एका झाडाच्या कोवळ्या पात्यांची, साली-मुळ्यांच्या रंगात रंगवून बायका विणतात. वीण इतकी घट्ट की पाणी ठेवलं तरी गळणार नाही असं विकणारी म्हणाली, मी करून पाहिलेलं नाही. तांदूळ निवडायला वापरू नकोस, भिंतीवर लाव. त्या झाडाची फळंही हत्तींना फार आवडतात बरं का. इथे चवळीच्या पानांची भाजी करतात, मोरोगो म्हणतात, कधी शेंगदाण्याचा कूट घालून. एक दिवस तळावर वाढली तेव्हा छोटी म्हणाली, "आजीची भाजी!" आणि दोनदा मागून घेतली. कोकम संपत आलंय. डिसेंबरात कोणी जोहान्सबर्गला येणारं असेल तर दादाला बघायला सांग.

बाबा, मिरचीच्या विटांचं मी नीट लिहून घेतलंय, प्रमाणासकट, ते दादाच्या मोबाईलवर पाठवते. हत्तीची लीद मिळाली नाही तर शेणात करून बघा, पण फटाक्यांपाशी ठेवू नका, आणि एकटे रात्री वर जाऊ नका. मधमाश्यांच्या पेट्या तारेला टांगण्याचाही एक प्रकार इकडे करतात. हत्तीने तार हलवली की माश्या उठतात. तुमच्या ओळखीचे वेंगुर्ल्याचे मधपेट्यांवाले आहेत ना, त्यांना विचारा आपल्याकडच्या सातेरी माश्या त्याला चालतील का. काय म्हणतात ते मला कळवा. वनखात्याच्या साहेबांपुढेही घाला, हसले तर हसू देत.

फोटो दादाकडे पाठवलेत. आजीला तरसाचे दाखवू नका, तिची झोप जाते. जावईबापूंचा दोघांना नमस्कार, छोटीचा मुका.

तुमची,
लेक

ता. क. : पोफळीचं नुकसान किती झालं त्याचा पंचनामा झाला का? वनरक्षकाची सही घेतल्याशिवाय कागद देऊ नका, आणि एक प्रत झेरॉक्स करून ठेवा.